कोळशाचा टिक्का

बुधवारी सकाळी आमच्याकडे अंडी उकडतात. हे वीज मंडळातून निवृत्त झाले, डॉक्टरांनी यांचे आलुबोंडे बंद केले, तेव्हापासूनची ही पद्धत. यांचं सगळं मोजून. पाण्याला उकळी आली की नऊ मिनिटं, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्या बुधवारीही हातातलं घड्याळ ओट्यावर काढून ठेवून हे पातेल्यासमोर उभे होते, मी खाली बसून मेथी निवडत होते, आणि कडी वाजली.

आमच्या दाराला बेल आहे. दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या वहिनी, सगळे बेलच दाबतात. कडी वाजवणारं माणूस एकच. दोनदा कडी, मग जरा थांबून आणखी एकदा. दीड वर्षात तो आवाज कानावर आला नव्हता, तरी माझा हात मेथीवर थांबला.

"शालूबाई!" मी म्हटलं.

"सात मिनिटं झाली," हे म्हणाले.

दारात शालूबाईच होत्या. डोक्यावर टोपलं नव्हतं, म्हणून बुटक्या वाटल्या. चौदा वर्षं ज्या बाईला मान ताठ, एक हात टोपल्याला, अशीच पाहिलं, तिची मान मोकळी पाहून मलाच चुकल्यासारखं झालं. वाळल्याही होत्या. कापडी पिशवी पोटाशी धरलेली.

"जय भीम, ताई. आंघोयपानी झालं काय?"

"जय भीम. या, आत या आधी. दीड वर्ष! कुठं होता हो तुम्ही?"

"तुमच्याच घरात तं होती," म्हणाल्या. चपला बाहेर काढून नेहमीसारख्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याकडे बोट केलं. "ते पाहा. तठी."

ओट्यावर अंड्यांचा डबा होता. पुठ्ठ्याचा, सहा अंड्यांचा. झाकणावर शालूबाई. हिरवी साडी, काखेत लाल कोंबडी, तळहातावर एक अंडं आणि अंड्यावर काळा ठिपका. वर मोठ्या अक्षरात 'शालूबाईंची गावरान अंडी', त्याखाली 'मोकळ्या अंगणातली', आणि अगदी खाली, 'काळी खूण पाहूनच घ्या'.

शालूबाईंनी डबा उचलला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला. मग माझ्यासमोर बसून मेथीची जुडी आपल्याकडे ओढली. दोन काड्या निवडल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "मले एक अर्ज लिहून पायजे, ताई. कंपनीले. तुमचं लिहनं चांगलं हाय. तो टिक्का बंद करा म्हनून."

"कोणता टिक्का?"

"तुमाले नाही मालूम?" आता त्यांनी वर पाहिलं. "तुमालेच तं मालूम हाय."

हो. मला माहीत होतं. तिथंच सगळं अडलं आहे.

शालूबाई चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा, बुधाजी तायडे, वीटभट्टीवर होते, ते बारा-तेरा वर्षांपूर्वी गेले. लेक लग्न होऊन परतवाड्याला. घरी या आणि वीसेक कोंबड्या. दर बुधवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं, ऑटोनं अमरावतीत यायचं आणि आमच्या कॉलनीत पायी घरं करायची. टोपल्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, आणि कुटारात अंडी. कुणी म्हटलं, "शालूबाई, फार बारीक दिसतात हो अंडी," की म्हणायच्या, "कोंबडी बारीक हाय, बाई. तिनं काय हत्तीचं अंडं देवाव?" कधी टोपल्यात तीन-चारच असायची. "कोंबड्या पिसं टाकून राहिल्या. त्याइलेबी सुट्टी लागते. तुमचे साहेब नाही काय दिवाईत घरी बसत?"

टिक्क्याची गोष्ट मला कळली ती चार वर्षांपूर्वी. बुधवार होऊन गेलेला, गुरुवारची दुपार, आणि कडी वाजली. दारात शालूबाई, टोपलं नाही, धाप लागलेली.

"ताई, कालचे अंडे उकडले काय?"

"दोन उकडली. का हो?"

"उरलेले दाखवा."

फ्रिजमध्ये अंडी ठेवायची नाहीत असं त्यांनीच मला बजावलं होतं, म्हणून ती शिंक्यात होती. त्यांनी एकेक उचलून उजेडाकडे फिरवलं. तिसऱ्या अंड्यावर पाठीमागच्या बाजूला कोळशाचा टिक्का होता, नखाएवढा, अर्धा पुसलेला. "वाचलं," म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

मग सांगितलं. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की तिच्याखाली अकरा नाहीतर तेरा अंडी ठेवतात. पण त्याच खुराड्यात बाकीच्या कोंबड्याही येऊन अंडी घालून जातात. रोजची ताजी अंडी काढून घ्यायची असतात, तेव्हा आईची कोणती आणि खायची कोणती हे कळायला पाहिजे. म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्याला चुलीतल्या कोळशाचा टिक्का. टिक्का म्हणजे हात लावू नका, याच्यावर आई बसली आहे. आदल्या दिवशी अंधारात अंडी काढताना एक टिक्क्याचं अंडं चुकून टोपल्यात आलं होतं.

हे तेव्हा म्हणाले होते, "अहो, एका अंड्यासाठी गाडीनं आलात?"

"अंड्यासाठी नाही, भाऊ. कोंबडीनं मोजले तं तिले काय सांगू?"

ते अंडं त्यांनी फडक्यात गुंडाळून पोटाला बांधलं आणि चहासुद्धा न घेता परत गेल्या. चारेक आठवड्यांनी टोपल्यातून एक लालसर पिल्लू काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. "ही तुमच्या घरून आलेली." गावाकडं अमरावतीला उमरावती म्हणतात, म्हणून तिचं नाव पडलं उमरावतीवाली. पुढं ती मोठी झाली, दर बुधवारी तिची खबरबात आम्हाला मिळायची. उमरावतीवालीनं कुत्र्याला पळवलं. उमरावतीवाली शहरातली आहे म्हणून भाकरीचा चुरा खात नाही, ज्वारीच लागते.

डब्यावरच्या फोटोत काखेत आहे ती तीच.

नऊ मिनिटं झाली होती. यांनी अंडी गार पाण्यात टाकली, बशीत घेतली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "काय शालूबाई! तुम्ही तर आता गावभर झाल्या. राजापेठेच्या दुकानात ओळीनं उभ्या असता!"

"उभी कुठी, भाऊ. कोंबून ठेवलं हाय मले. एकावर एक धा-धा."

हे हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं आणि ते बशी घेऊन खुर्चीवर बसले. अंडं फोडलं नाही.

मी चहा ठेवला. शालूबाई मेथी निवडत बोलत राहिल्या. त्यांची ती सवय जुनीच, हाताला काम असलं की तोंड चालतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीची गाडी त्यांच्या गावात आली. गावापासून जवळच माळावर कंपनीच्या मोठ्या शेड आहेत, कोंबड्यांच्या. गाडीत एक पुण्याची मुलगी आणि एक फोटोवाला होता. त्यांना खरी बाई, खरी कोंबडी, खरं अंगण हवं होतं. गावातल्या लोकांनी शालूबाईंचं घर दाखवलं.

"पोरगी चांगली होती, ताई. माह्या हातचा चहा पेली. कोंबड्याइले नावं विचारले. मंग तिले खुराड्यात टिक्क्याचे अंडे दिसले. दुसरी कोंबडी बसली होती तवा, चितकबरी. पोरगी म्हने, हे काय आहे? आता तिले खुडूक काय सांगू आन् कोयसा काय सांगू? मी म्हटलं, ते आमची खूण हाय."

मेथीची काडी शालूबाईंच्या हातातच राहिली.

"एवढंच बोलली मी. खूण हाय. तिनं लिहून घेतलं. म्हने, किती छान, एक हातात धरा न मावशी. मी म्हटलं, कोंबडीखालचं काढत नाही. म्हने, एकच मिनिट. म्या काढलं, धरलं, फोटो झाला, ठेवून देल्लं. चितकबरीनं काही म्हटलं नाही. पिल्लं निंगाले तिचे."

"मग?"

"मंग काय? डबा आला तवा पायलं. काळी खूण पाहूनच घ्या. माह्याच तोंडातून निंगालेला शब्द, ताई. मी खूण म्हटलं, त्याइनं खूण छापली."

मला तो डबा पहिल्यांदा दुकानात दिसला तेव्हा मी मोठ्यानं 'अगंबाई!' म्हटलं होतं. दुकानदाराला सांगितलं, या आमच्या ओळखीच्या. शेजारच्या वहिनींना नेऊन दाखवला. शालूबाईंचं येणं बंद का झालं याचं उत्तरच मिळालं जणू: बाईचं चांगलं झालं, मोठ्या झाल्या. घरी येऊन डबा उघडला, तर सहाही अंड्यांवर टिक्का. एकसारखा, गोल, काळाकुळकुळीत. मी एक अंडं हातात धरून क्षणभर थांबले होते हे मला चांगलं आठवतं. टिक्क्याचं अंडं खायचं नसतं, हे मला त्या क्षणी आठवलं होतं. आणि मग मी स्वतःला सांगितलं की कंपनीनं छान वाटावं म्हणून काढला असेल, आणि ते पाण्यात सोडलं. त्यानंतर दर आठवड्याला सोडत आले.

शालूबाईंचे गुडघे गेले होते. गाडीत चढणं, टोपलं घेऊन चालणं होईना. कंपनीनं फोटोच्या वेळी सांगितलं होतं की गावातल्या बायांना पॅकिंगमध्ये काम देऊ, बसून करायचं. निरोप आला तेव्हा शालूबाईंना बरंच वाटलं. सोमवारपासून या, चंदनसाहेबांनी सांगितलं. चंदनसाहेब तिथले सुपरवायझर. "आन् घरच्या कोंबड्या काढून टाका."

"का म्हणून?" मी विचारलं.

"रोग येते म्हने. शेडमंधी काम करनाराच्या घरी पाखरू नाही पायजे. कागदावर अंगठा, म्हंजे सही घेतली. येऊन पायतात. खोटं नाही ताई, रोग खरंच येते. एका घरची कोंबडी शिंकली तं तठी हजारो मरतात. इतके खेटून राहतात त्या."

वीस कोंबड्या. बाकीच्या चांदूरच्या बाजारात गेल्या, काही शेजारी. पण उमरावतीवाली तेव्हा खुडूक बसलेली होती. तेरा टिक्क्यांवर. अठरावा दिवस. एकवीस दिवस लागतात.

"मी चंदनसाहेबाले म्हटलं, तीन दिस द्या. गुरवारपासून येतो. थो काही वाईट मानूस नाही. म्हने, मावशी, माझ्या हातात नाही, सोमवारी नाही आल्या तर दुसरी बाई घेतील. बाया लायनीत उभ्याच होत्या." मेथीची पानं त्यांच्या मांडीवर पडत होती. "तीन दिस, ताई. मी म्हनाले पायजे होतं, घ्या दुसरी बाई. नाही म्हनली."

रविवारी त्यांनी उमरावतीवालीला कुटारासकट, अंड्यांसकट टोपल्यात ठेवलं, वरून लुगड्याचा तुकडा बांधला आणि गाडीनं अकोल्याला नेलं. तिथं जुन्या शहरात त्यांची नणंद राहते, रुख्मिणी. मोर्णा नदीच्या पुलापलीकडं, अरुंद गल्लीत दोन खोल्या. गाडी मूर्तिजापूरला खूप वेळ उभी राहिली. डब्यात गर्दी, आरडाओरड, चणेवाले. उमरावतीवाली अंड्यांवरून हलली नाही.

"मी वरून हात घालून पायली. गरम होती. पंख असे पसरून. मानसं म्हनत, मावशी टोपल्यात काय हाय? मी म्हटलं, बाळंतीन हाय."

एवढं सांगून त्या हसल्या. मीही हसले. यांनी खुर्चीवरून मान दुसरीकडं वळवली.

"रुख्मिणीच्या घरी ठेवली आन् आली. सोमवारी कामावर गेली. त्याच दुपारी ती उठली, ताई. गल्लीत बँड वाजला लग्नाचा. फटाके. उठली ते परत बसलीच नाही. रुख्मिणीनं धरून बसवली, टोपलं झाकलं, काही काही केल्लं. जागा बदलली का मन उठते कोंबडीचं. मले मालूम होतं. मालूम असूनच नेली."

रुख्मिणीबाईंनी अंडी गोधडीत गुंडाळली, बल्ब लावला, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. बुधवारी दुपारी शालूबाईंना जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मोबाईलवर नणंदेचा निरोप आलेला होता. रुख्मिणीबाईंना लिहिता येत नाही, त्या बोलून पाठवतात.

शालूबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला. फार मागं जावं लागलं नाही, तो निरोप त्यांनी खूण करून अगदी वर ठेवलेला होता.

"वयनी," रुख्मिणीबाईंचा आवाज आला, घाबरलेला, "आतून वाजून राहिलं वो. काय करू? फोडू काय मी? ऐका." मग खरखर, बहुतेक फोन अंड्यापाशी नेला असावा. आणि मग तो आवाज. आधी मला काही कळलंच नाही. नखानं कुणीतरी वाटी वाजवावी तसं. टिक्. थांबून, टिक् टिक्. आणि त्याच्याही आत, फार बारीक, चिवचिव म्हणावी इतकीही नाही. मागं गल्लीतून स्कूटर गेली. मग निरोप संपला.

चहा उतू गेला तो मी तसाच पुसला.

"फोडू नये असं म्हनतात," शालूबाई म्हणाल्या. "फोडलं तं मरते. नाही फोडलं तरी मरते, आईची ऊब नसली तं. मी फोन करेपर्यंत सुट्टी संपली होती. संध्याकाळी केला तं रुख्मिणी म्हने, आता नाही वाजून राहिलं."

तेरापैकी एकही निघालं नाही. रुख्मिणीबाईंनी मोर्णेच्या काठी पुरली. उमरावतीवाली अजून आहे, अकोल्यात, गल्लीभर हिंडते. पण त्यानंतर कधी खुडूक बसली नाही.

"आणि तुमचं काम?" हे पहिल्यांदाच बोलले. "पॅकिंगचं?"

शालूबाईंनी मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या. "टिक्का मारतो मी, भाऊ."

यांना कळलं नाही. मलाही.

"आमी सहा बाया हाओत टेबलावर. शेडमंधून अंडे येतात पट्ट्यावर. एक बाई पुसते, एक उजेडात पायते, आन् मी टिक्का मारतो. रबराचा शिक्का हाय, काई शाई. चंदनसाहेब म्हने, शालूबाईचा टिक्का शालूबाईनंच मारावा. मान देल्ला मले." त्यांनी हवेत अंगठा आणि दोन बोटं जुळवून शिक्का मारल्यासारखं केलं. "पयल्या दिवशी काय झालं, मी टिक्का मारला आन् अंडं बाजूले ठेवलं. दुसरं मारलं, बाजूले ठेवलं. चंदनसाहेब आला, म्हने, मावशी, हे काय करून राहिल्या? म्हटलं, काय? म्हने, हे ट्रेमध्ये ठेवायचे, विकायचे आहेत. बाजूला काहून काढता? मी म्हटलं, टिक्का मारला न साहेब. बाया हासल्या. मी बी हासली. पन हात आयकत नाही. आजबी दिवसातून दोन-चार अंडे बाजूले जातात माह्या हातून."

"पण त्यात तर जीव नसतो ना," मी म्हटलं. "तिथं कोंबडे नसतात."

"नसते, ताई. मले मालूम हाय. हाताले मालूम नाही."

मी अर्ज लिहायला वही-कागद काढला. मुलाच्या प्रिंटरचे जुने कोरे कागद आहेत घरात, त्यातला एक घेतला. लिहायच्या आधी विचारलं, "शालूबाई, आत कशा असतात हो त्या? मला नीट सांगा. मी सगळं लिहिते."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि ओट्याखालच्या फरशीवर ठेवला. तळहातानं सपाट केला. मग एका बाजूनं थोडी घडी घातली, चौथा भाग कमी केला. "एवढी जागा. एका कोंबडीले. दीड वर्ष."

मी त्या कागदाकडं पाहत राहिले. शालूबाईंनी त्यावर दोन्ही तळवे ठेवले, मावले नाहीत.

"खाली तार, वर तार. पंख खोलता येत नाही. पाय तारेत अडकतात. चोच बारीकपनीच कापतात, एकमेकीले टोचू नये म्हनून. अंडं देल्लं का तारेला उतार हाय, ते घरंगयते समोर. कोंबडी मान वाकवून पायते, पोचत नाही. रोज पायते, ताई. रोज. त्याइले खुडूक बसनं मालूमच नाही, तशी जातच करून ठेवली हाय म्हनतात. पन पायते." त्यांनी कागद उचलून मला दिला. "घ्या. लिहा."

"घडी पडली. दुसरा घेते."

"काहून दुसरा? चांगला हाय न."

मी लिहायला बसले. कॉलेजात मराठी होतं माझं, अर्ज लिहिण्यात हात बसलेला. सोसायटीच्या पाण्याचे, रस्त्याच्या दिव्यांचे सगळे अर्ज मीच लिहिते. लिहीत गेले. गावरान हा शब्द खोटा आहे. मोकळं अंगण खोटं आहे. पिंजऱ्यातली अंडी पिंजऱ्यातली म्हणूनच विकावीत, डब्यावर तसं लिहावं, म्हणजे घेणाऱ्याला कळेल. एका अशिक्षित बाईचा विश्वास, तिचा चेहरा. पिंजरे. चोची. हे मागून वाचत होते आणि म्हणत होते, "ग्राहक मंच लिही, ग्राहक मंच." पान भरलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

शालूबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "लय चांगलं लिहलं, ताई. आता हे काटा."

"काय?"

"हे सगळं. आन् मी अशिक्षित नोहे. चौथी पास हाओ."

मी लाजले. "ते काढते. पण बाकीचं खरं आहे ना?"

"खरं हाय. मी म्हटलं का खोटं हाय? पन मी गावरान काढा म्हनलं तं त्याइचा धंदा बुडते, मंग मलेच नाही, बाकीच्या पाचही बायाइले घरी बसवतात. पिंजरे काढा म्हनलं तं हासतील माह्यावर. आन् कोंबड्या तं तशाच राहतीन. ते लोकाइनं बोलाव. तुमच्यासारख्याइनं. तुमी घेता न डबा, तुमी बोला. तुमाले लिहता येते, तुमी लिहा कुठी लिहायचं ते. माहं नाव टाका, हरकत नाही. पन अर्ज माहा हाय. अर्जात माहंच पायजे."

"मग फोटो तरी? तुमचा चेहरा लावून खोटं विकतात. फोटो काढून टाका, असं तरी लिहू?"

त्यांनी उठून ओट्यावरचा डबा भिंतीकडून फिरवला आणि स्वतःकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. "राहू द्या. तोंड माहं होतं, मी देल्लं. पोरगीनं विचारून घेतलं. उमरावतीवाली बी हाय त्यात." मग बोट त्या तळहातावरच्या अंड्यावर ठेवलं. "हा टिक्का माहा नव्हता, ताई. हा कोंबडीचा होता. हा द्याचा मले हक्कच नव्हता."

यांनी बशी उचलून ओट्यावर ठेवली. अंडी तशीच होती, न फोडलेली. शालूबाईंनी ती दोन्ही घेतली, पदरानं पाणी पुसलं, अंगठ्यानं टिक्का घासून पाहिला. उकडूनही गेला नव्हता. "कोयशाचा असता तं निंगाला असता," म्हणाल्या.

मी त्याच कागदाची दुसरी बाजू घेतली. शालूबाई सांगत गेल्या, मी फक्त शुद्ध केलं. दोनदा वाचून घेतलं, मग खाली सही केली, एकेक अक्षर थांबून. अर्ज असा आहे:

मा. व्यवस्थापक साहेब यांना,

मी शालू बुधाजी तायडे. तुमच्या पॅकिंगमध्ये टिक्का मारण्याचे काम करते. डब्यावरचा फोटो माझा आहे, तो राहू द्यावा. तुमच्या मॅडमनी विचारले तेव्हा मी टिक्क्याला आमची खूण म्हटले, ते अर्धेच सांगितले, ही माझी चूक झाली. आमच्यात टिक्का कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्याला लावतात. ते अंडे घ्यायचे नसते, विकायचे नसते, ते आईचे असते. काम दुसरे कोणतेही द्यावे, मी करीन. माझी एवढीच विनंती आहे की अंड्यांवर टिक्का मारणे बंद करावे.